सिस्टीम्स इंजिनिअरिंगची पीएच.डी. आणि आपले घर

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलताना जे राहून गेले ते लिहिताना घातले आहे.)



समितीने मला विचारले, यंदा कशावर बोलणार? मी म्हणालो, सिस्टीम्स इंजिनिअरिंगच्या पीएच.डी.वर बोलतो. समितीतली मंडळी हसली. सूतगिरणीत साचा चालवणारा माणूस, दहावीनंतर शाळा सुटलेला, हा पीएच.डी.वर काय बोलणार? हसणे बरोबरच आहे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या वस्तीतल्या तीन घरांत हाच प्रश्न उभा राहिला. पोरगं नाहीतर पोरगी इंजिनिअर झाली, त्यापुढचे एम.टेक. झाले, आणि आता ती म्हणते, "मला डॉक्टरेट करायची आहे." घरात कुणालाच कळत नाही की हे काय आहे, किती वर्षांचे आहे, पैसे कोण देणार, आणि शेवटी हातात काय पडणार. म्हातारी विचारते, "डॉक्टर हुणार म्हंजे दवाखाना कुठं घालणार?" अशा वेळी घर गप्प बसते आणि गप्प बसूनच नकार देते. म्हणून मी पोरांबरोबर फिरलो, फॉर्म भरताना शेजारी बसलो, नियमांची पत्रके पोरांकडून वाचून घेतली, अर्थ विचारून घेतला. मला जे समजले ते सांगतो.

पहिल्यांदा म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. हा डॉक्टर सुई टोचणारा नव्हे. शाळेपासून एम.टेक.पर्यंत जे शिकवतात ते दुसऱ्याने शोधलेले असते. पीएच.डी.त विद्यार्थ्याने असे काहीतरी शोधायचे असते जे त्याआधी कुणालाच ठाऊक नव्हते. मग ते लहान का असेना. ते शोधून, सिद्ध करून, त्या विषयातल्या जाणकारांपुढे उभे राहून पटवून द्यायचे. त्या लिखाणाला प्रबंध म्हणतात.

आता सिस्टीम म्हणजे काय? पुस्तकात त्याला प्रणाली म्हणतात. मी गिरणीतले सांगतो, कारण मला तेच नीट कळते. समजा रातपाळीला रिंग खात्यात धागे फार तुटायला लागले. जॉबर पहिल्यांदा कुणावर ओरडतो? साच्यावर उभ्या असलेल्या कामगारावर. तुझा हात चालत नाही म्हणतो. पण दोष बहुतेक वेळा त्याच्या हातात नसतो. हवेतला ओलावा कमी झाला असेल. पेळू जाड-बारीक आली असेल. ती तशी का आली, तर कार्डिंगमध्ये गडबड. तिथे गडबड का, तर ब्लो रूमला कापसाचे मिश्रण बदलले. कापूस का बदलला, तर खरेदी करणाऱ्याने स्वस्त गाठी उचलल्या. धागा तुटला रिंग खात्यात आणि कारण बसले आहे ऑफिसात. हे सगळे खाते-खाते वेगळे बघितले तर प्रत्येक जण म्हणतो माझे बरोबर आहे. सगळे एकत्र, एकमेकांवर काय परिणाम करतात हे धरून बघितले तरच दोष सापडतो. असे एकत्र बघण्याचे, त्याचे गणित मांडण्याचे आणि मुळातच नीट चालेल अशी रचना करण्याचे जे शास्त्र, ते सिस्टीम्स इंजिनिअरिंग. कारणाशिवाय काही घडत नाही, हे आपण या विहारात बसून किती वेळा ऐकले आहे. इथे तेच यंत्रांच्या बाबतीत हिशोबाने मांडलेले असते.

याच शास्त्राची एक मोठी शाखा म्हणजे नियंत्रण, कंट्रोल. त्याचे उदाहरण बघायला मुंबईला जायला नको. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप बंद होतात. कुणी बटण दाबत नाही. पाणी स्वतःच दरवाजाला सांगते की आता उघड. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात नोकरीला असताना त्यांनी १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याला असे आपोआप चालणारे दरवाजे बसवले होते. आमच्या गिरणीत ड्रॉ फ्रेमवर ऑटोलेव्हलर नावाची वस्तू असते. ती पेळूची जाडी मोजते आणि त्याप्रमाणे रोलरचा वेग कमी-जास्त करते. दरवाजा असो की ऑटोलेव्हलर, तत्त्व एकच. मोजायचे, ठरलेल्या मापाशी ताडून बघायचे, आणि फरक पडला तर दुरुस्त करायचे. मोटारगाडीचे ब्रेक, विमान, वीज वाहून नेणारे जाळे, सिग्नलचे दिवे, सगळीकडे हेच चालते. फक्त गणित अवघड होत जाते.

आता तुम्ही म्हणाल, दरवाजे तर कधीच तयार झाले, मग अजून शोधायचे काय राहिले? बघा, एका धरणाचा दरवाजा सुटा घेतला तर सोपा आहे. पण २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली कोल्हापूर-सांगलीला जो महापूर आला तो आठवा. वर राधानगरी, दूधगंगा, वारणा, कोयना, खाली कर्नाटकात अलमट्टी. कुठल्या धरणातून किती पाणी, किती तास आधी सोडायचे? आधी सोडावे आणि पुढे पाऊसच झाला नाही तर उन्हाळ्यात बोंब. थांबावे आणि पाऊस कोसळला तर गावे पाण्यात. आपल्या वेदगंगेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे घ्या. पावसाळा संपल्यावर बरगे घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे. वरच्या गावाने बरगे घातले की खालच्या गावाची मोटार कोरडी पडते. त्यात वीज कधी असते, कधी नसते. नदी, पाऊस, वीज, ऊस, भांडणारी दोन गावे, सगळे एकाच साखळीत. यातल्या एका बारीक प्रश्नावर एखाद्याने पाच वर्षे काम केले तर ती पीएच.डी. होते. आणि त्याचा उपयोग कुणाला होईल? नदीकाठच्या सखल जागी कुणाची घरे असतात हे मी या सभेत सांगायला नको.

आणखी एक उदाहरण देतो, ते पोरांनी लक्षात ठेवावे. भारताने उपग्रह सोडण्यासाठी एसएलव्ही-३ हे अग्निबाण तयार केले. त्याचे पहिले उड्डाण १० ऑगस्ट १९७९ रोजी झाले. चार टप्प्यांचे बाण, सतरा टन वजन, शेकडो माणसांची कित्येक वर्षांची मेहनत. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणात बिघाड झाला. तिथले आम्ल एका झडपेतून गळून गेले होते. बाण समुद्रात पडले. एक झडप, आणि सगळे पाण्यात. पण त्यांनी कुठल्या एका कामगाराला पकडून फाशी दिली नाही. कारण शोधले, दुरुस्ती केली आणि १८ जुलै १९८० रोजी तेच बाण रोहिणी उपग्रह घेऊन वर गेले. त्या प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते. त्यांनी स्वतः अभ्यास करून पीएच.डी. केलेली नव्हती. इस्रोचे त्या वेळचे अध्यक्ष सतीश धवन मात्र १९५१ साली अमेरिकेत पीएच.डी. झालेले होते. विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे १९७९ पासूनचे संचालक आपले वसंत गोवारीकर, तेही इंग्लंडात बर्मिंगहॅमला पीएच.डी. झालेले. पुढे १९८८ पासून हवामान खाते त्यांच्या सोळा घटकांच्या गणिताने पावसाचा अंदाज सांगू लागले. समुद्राचे तापमान, वारे, बर्फ, असे सोळा धागे एकत्र धरून पाऊस ओळखायचा, ही प्रणालीचीच दृष्टी झाली. हे का सांगितले? पीएच.डी. नसली म्हणजे मोठे काम होत नाही, असे नाही. पण ज्यांनी केली त्यांना कोणी भक्कम पाया दिला, तर त्या अभ्यासाने.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्या समाजात पीएच.डी. हा शब्द पहिल्यांदा कुणामुळे आला हे लहान पोरालाही माहीत आहे. पण आपण बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी भिंतीवर लावतो आणि ती पदवी कशी मिळाली हे मुलांना सांगत नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पुढे लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. मार्च १९२० मध्ये आपल्या कागल जहागिरीतल्या माणगावला परिषद झाली. शाहू महाराज स्वतः आले होते. त्याच वर्षी साठवलेले पैसे, महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांवर ते पुन्हा लंडनला गेले. तिथला डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही, सुधारून द्या म्हणाले. बाबासाहेबांनी तो सुधारून पुन्हा दिला, आणि १९२३ साली पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. कागदोपत्री मिळाली ती १९२७ साली, प्रबंध पुस्तकरूपाने छापून विद्यापीठाला दिल्यावर. म्हणजे १९१३ साली गेलेला माणूस, पदवी चौदा वर्षांनी.

आणि त्या काळात परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात, रमाई घर चालवत होत्या. डॉक्टरेट एकटा माणूस करत नाही. घर करते.

यातून मी चार गोष्टी घेतल्या. पैसा मध्येच संपू शकतो, त्याची तयारी आधी ठेवावी. काम थांबले म्हणजे संपले असे नाही. परीक्षकाने परत पाठवले म्हणजे विद्यार्थी ढ आहे असे नाही, ज्यांच्या बुद्धीबद्दल आज जगाला शंका नाही त्यांचाही प्रबंध परत आला होता. आणि चौथी गोष्ट, गावच्या कर्त्या माणसांनी वेळेला हात दिला पाहिजे.

आता आपल्या गल्लीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. मुलीने दहावीनंतर गारगोटीला डिप्लोमा केला, थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेली, मग एम.टेक. केले. तिला कंपनीची नोकरी मिळत होती. ती म्हणाली, मला पुढे शिकायचे आहे. वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "दादा, मी नको म्हणत न्हाई. पर माझं वय बघा. धाकट्याचं शिक्षण हाय, घराचं कर्ज हाय. हिनं आणि पाच वर्सं शाळाच शिकायची?" या माणसाला मी अडाणी म्हणणार नाही. त्याचा हिशोब खरा आहे. म्हणून आम्ही दोघांनी कागद घेऊन बसून हिशोब केला.

पूर्ण वेळ पीएच.डी. करणाऱ्याला, गेट किंवा नेट यांसारखी परीक्षा पास असेल आणि फेलोशिप मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये आणि कामाचा आढावा घेऊन पुढे ४२,००० रुपये मिळतात. दोन वर्षांचे झाले ८ लाख ८८ हजार. पुढच्या तीन वर्षांचे १५ लाख १२ हजार. पाच वर्षांत २४ लाख. वडील चष्मा काढून बघत राहिले. त्यांना वाटत होते आपणच फी भरायची. फी असते, वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च असतो, ते वजा करा. तरी काटकसरी पोरगी घरी थोडेफार पाठवू शकते. कंपनीत गेली असती तर कदाचित जास्त मिळाले असते, कदाचित तीन वर्षांनी कामावरून कमीही केले असते. दोन्ही बाजू कागदावर मांडल्या.

पण एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली नाही आणि तुमच्यापासूनही लपवत नाही. फेलोशिप मंजूर होणे वेगळे आणि खात्यावर पैसे पडणे वेगळे. महिनेच्या महिने पैसे अडकतात. आपल्या संशोधक पोरांना त्यासाठी उपोषणाला बसावे लागले आहे. त्या काळात मेस बंद होते, पोरगं लाजेने घरी सांगत नाही. म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय निघू नये. तो एका घराला जमत नसेल तर वस्तीने जमवावा. यावर शेवटी बोलतो.

आता रस्ता कसा आहे ते सांगतो. ज्यांची मुले आठवी-नववीत आहेत त्यांनी जास्त लक्ष द्यावे. या विषयाचे मूळ गणितात आहे. दहावीला गणितात काठावर पास झालेल्याला पुढे चढण फार उभी लागते. दहावीनंतर दोन वाटा. अकरावी-बारावी सायन्स करून इंजिनिअरिंग, नाहीतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. डिप्लोमाची वाट लहान समजू नका, आपल्या बऱ्याच मुलांना तीच परवडते. इंजिनिअरिंगमध्ये इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, केमिकल, कॉम्प्युटर, कुठूनही या विषयात येता येते. शेवटच्या वर्षी गेट ही परीक्षा द्यावी. ती वर्षातून एकदा असते आणि तिचे गुण तीन वर्षे चालतात.

मग एम.टेक. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.त सिस्टीम्स अँड कंट्रोल इंजिनिअरिंग या नावानेच एम.टेक. आणि पीएच.डी. दोन्ही आहे. इतर आय.आय.टी., बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पुण्याचे सीओईपी, मुंबईची व्हीजेटीआय अशा ठिकाणी हा विषय बहुधा इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल विभागात मिळतो. व्हीजेटीआयचे तर मला विशेष वाटते. १८८७ साली ती संस्था निघाली त्यात मुंबईच्या कापड गिरण्यांना जाणकार माणसे मिळावीत हा हेतू होता. गिरणीसाठी निघालेल्या संस्थेत गिरणी कामगाराच्या मुलीने डॉक्टर व्हावे, यात काय चूक आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये बदलले. एम.टेक. किंवा तत्सम पदवीला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जातीला ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेटही अर्ज करता येतो, तिथेही ५ टक्के सवलत. आय.आय.टी.चे स्वतःचे नियम असतात, ते वेगळे बघावेत. मुदत कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. पुन्हा नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात, महिलांना त्यावर आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. मुलीचे लग्न झाले म्हणजे शिक्षण संपले, असे म्हणणाऱ्यांनी हा नियम वाचावा. नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी.ही करता येते, मात्र मालकाचे ना-हरकत पत्र लागते.

पैशाच्या वाटा आणखी आहेत. पुण्याची बार्टी संस्था अनुसूचित जातीच्या संशोधकांना बाबासाहेबांच्या नावाने फेलोशिप देते. परदेशी जायचे असेल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न, वय आणि गुण यांच्या अटी वरचेवर बदलतात. शेजाऱ्याने सांगितले म्हणून धरून चालू नका, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. आणि एका वेळी दोन फेलोशिपा घेता येत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

कागदपत्रांचे कळकळीने सांगतो. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्र सरकारकडे १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाल्यावर मिळाल्या. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. राज्याचा दाखला वेगळा, केंद्राचा नमुना वेगळा. ऐन वेळेला तहसील कचेरीत धावपळ होते आणि तारीख निघून जाते. जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, सगळ्या गुणपत्रिका, यांची एक फाईल मूल दहावीला असल्यापासून घरात असावी. शाळेच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर नावाचे स्पेलिंग एकच आहे का तेही बघा. एका अक्षरासाठी वर्ष गेलेले मी पाहिले आहे.

आत गेल्यावर काय होते? पहिले वर्षभर वर्ग असतात, परीक्षा असते. मग मार्गदर्शक, म्हणजे गाईड, यांच्याबरोबर विषय ठरतो. विषयापेक्षा गाईड महत्त्वाचा, असे मला प्रत्येक पोराने सांगितले. म्हणून प्रवेशाआधी त्या गाईडच्या हाताखाली शिकलेल्या दोघा-तिघांना गाठून विचारावे. किती वर्षांत सोडतात? भेटायला वेळ देतात का? नोकर शोधतात की विद्यार्थी? दरवर्षी एक समिती कामाचा आढावा घेते. लिहिलेले लेख नियतकालिकांकडे पाठवायचे, ते परत येतात, पुन्हा लिहायचे. शेवटी प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि सर्वांसमोर तोंडी परीक्षा होते. मधली दोन-तीन वर्षे अशी जातात की हाताला काही लागत नाही. गिरणीत पाळी संपली की किती किलो सूत निघाले ते समजते. इथे तसे नाही. सहा महिने काम करून कळते की हा रस्ता चुकीचा होता. ते कामच असते, पण घरी सांगता येत नाही.

आणि आपल्या मुलांना आणखी एक ओझे असते. कुणीतरी सहज विचारते, तुझा रँक किती होता? कुठल्या कोट्यातून आलास? वर्ग इंग्रजीतून, जेवणाच्या टेबलावर गप्पा वेगळ्याच. मूल गप्प होत जाते. २०१६ साली हैदराबाद विद्यापीठातला संशोधक रोहित वेमुला आपल्यातून गेला, त्याआधी त्याची फेलोशिप कित्येक महिने अडकलेली होती. ही गोष्ट पोरांना घाबरवण्यासाठी सांगत नाही, आईबापांसाठी सांगतो. आठवड्यातून एकदा फोन करा आणि फोनवर "कधी संपणार?" हे विचारू नका. जेवलास का, झोप लागते का, कुणाशी बोलतोस का, एवढे विचारा. आवाज बदललेला वाटला तर कुणीतरी उठून जाऊन भेटून या. अशा संस्थांत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी कक्ष असतो, समुपदेशक असतात. त्यांचा पत्ता मुलाने पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवावा. आणि त्रास असह्य झाला तर सोडून घरी ये, दार उघडे आहे, हे जाण्याआधीच तोंडाने सांगा. पोरगं पदवीपेक्षा मोठे आहे.

मग सगळ्यांनी पीएच.डी. करावी का? नाही. नोकरी मिळत नाही म्हणून वेळ काढायला करू नये. नावापुढे डॉ. लागावे म्हणून करू नये. लग्नाच्या बाजारात भाव वाढावा म्हणून तर मुळीच नको. ज्याला एखादा प्रश्न झोपू देत नाही, ज्याला गणित करताना वेळेचे भान राहत नाही, त्याने करावी. आपल्याला ते आहे की नाही हे तपासायला फुकट सोय आहे. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल या नावाने मोबाईलवर फुकट बघता येतात. कंट्रोल इंजिनिअरिंगचा एक पूर्ण अभ्यासक्रम घरी बसून, उदाहरणे सोडवत संपवावा. गोडी टिकली तर पुढे जावे. कंटाळा आला तर एम.टेक.वर चांगली नोकरी धरावी, त्यात कमीपणा नाही.

पदवी मिळाल्यावर काय? इंजिनिअरिंग कॉलेजात सहयोगी प्राध्यापक आणि त्यापुढे जायला पीएच.डी. लागतेच. इस्रो, संरक्षण संशोधन, वीज आणि मोटारीच्या कंपन्यांतले संशोधन विभाग, इथे या विषयाच्या माणसांना काम आहे. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती अशी. धरणातून पाणी कधी सोडायचे, वीज कुणाची आधी तोडायची, मशीन आले की किती कामगार कमी करायचे, हे निर्णय आता गणिते मांडून घेतले जातात. ते गणित कुणीतरी बसून मांडते. त्यात कोणाचे नुकसान जमेला धरायचे आणि कोणाचे सोडून द्यायचे, हेही तिथेच ठरते. आमच्या गिरणीत नवीन मशीन आले तेव्हा किती माणसे लागतील याचा तक्ता बाहेरून तयार होऊन आला. त्या तक्त्यात रातपाळीच्या माणसाला चहा प्यायला लागणारी दहा मिनिटे धरलेली नव्हती. आम्ही भांडलो, घोषणा दिल्या. पण तक्ता वाचून तो कुठे चुकला हे दाखवणारा आमच्यात कुणी नव्हता. तो तक्ता मांडणाऱ्यांच्या खुर्चीत आपली माणसे बसली पाहिजेत, असे मला तेव्हापासून वाटते.

शेवटी विहार समितीकडे आणि तुम्हा सर्वांकडे चार मागण्या करतो. वर्गणी गोळा करताना जो उत्साह असतो तोच इथे दाखवा.

एक, विहाराची मागची खोली संध्याकाळी सहा ते दहा अभ्यासिकेसाठी उघडी ठेवावी. चांगला दिवा, पंखा आणि इंटरनेट एवढे पुरे. दोन, दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवावे. वस्तीत इंजिनिअर झालेली मुले आहेत, त्यांनी आळीपाळीने यावे. तीन, शिक्षणासाठी एक आधार निधी काढावा. दान म्हणून नव्हे, उसने म्हणून. फेलोशिप अडकली की त्यातून विद्यार्थ्याला महिन्याचा खर्च द्यायचा आणि पैसे आले की त्याने परत भरायचे. दर घरटी महिन्याला पन्नास रुपये आणि हिशोब दर पौर्णिमेला फळ्यावर. चार, दाखले काढून देण्यासाठी दोन माणसे नेमावीत, म्हणजे हातावर पोट असलेल्याचा कचेरीच्या खेपांत रोज बुडणार नाही. त्या दोघांतले एक नाव माझे लिहा. माझी पाळी दुपारी सुटते, त्यानंतर मी मोकळा असतो.

शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्या वेळी आपल्या आजोबा-पणजोबांना पाटी-पेन्सिल म्हणजे पीएच.डी.च वाटली असेल. तरी त्यांनी पोरे पाठवली.

त्या मुलीच्या वडिलांनी हिशोबाचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि दोन दिवसांनी येऊन म्हणाले, "जाऊ द्या तिला." ती गेली आहे. तिचे पहिल्या वर्षाचे वर्ग संपले, परीक्षा चांगली गेली, आता विषय ठरायचा आहे. तिच्यासाठी टाळ्या वाजवू नका, निधीचे पहिले पन्नास रुपये आज समितीच्या टेबलावर ठेवून जा.